ग्लुटेनविरहित ब्रेड रोल घरी करताना: नेमकं कुठे बिनसतं आणि कसं टाळायचं

गव्हाच्या पिठाची सवय असलेला हात पहिल्यांदा ग्लुटेनविरहित पिठात गेला की हमखास एक गोष्ट करतो. पीठ बोटांना चिकटलं की वरून मूठभर कोरडं पीठ भुरभुरतो. पुन्हा चिकटतं, पुन्हा मूठभर. शेवटी गोळा अगदी छान वळला जातो आणि ओव्हनमधून दगड बाहेर येतो.

गव्हाचं पीठ भिजवून मळलं की त्यात ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांची, लवचीक जाळी तयार होते आणि यीस्टनं सोडलेला वायू ती धरून ठेवते. इथे ती जाळीच नाही. वायू धरण्याचं काम इसबगोलाचं जेल करतं आणि भाजताना रोलला उभं ठेवण्याचं काम शिजलेला स्टार्च करतो. दोघांनाही पाणी लागतं, आणि गव्हाच्या मानानं फार जास्त लागतं. त्यामुळे खूप मळणं, दोनदा फुगवणं, मध्ये दाबून हवा काढणं हे सगळं इथे विसरायचं. खालची कृती १० रोलची आहे आणि पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करायच्या आहेत.

## १. आधी ओटा, मग पीठ

हे रोल सिलिॲकचा त्रास (ग्लुटेन खाल्लं की आतड्याला इजा करणारा आजार) असलेल्या माणसासाठी असतील तर ही पायरी सोडू नका. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे ग्लुटेनविरहित पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. चाळणीच्या जाळीत अडकलेलं गव्हाचं पीठ ही मर्यादा ओलांडायला पुरेसं ठरू शकतं.

चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे आणि चरे पडलेली प्लास्टिकची भांडी कितीही घासली तरी खात्रीची होत नाहीत. या कामासाठी चाळणी आणि चमचे वेगळेच ठेवा. स्टील आणि काच साबणानं नीट धुतली की पुरे. त्याच दिवशी घरात गव्हाचं पीठ चाळलं असेल तर रोल दुसऱ्या दिवशी करा. बारीक पीठ हवेत बराच वेळ तरंगतं आणि नंतर ओट्यावर बसतं.

पाकिटं वाचण्यातही लोक फसतात. खपली, रवा, दलिया, मैदा हा सगळा गहूच. जव म्हणजेच सातू आणि त्यापासून केलेलं माल्ट यांतही ग्लुटेन असतं. साधे ओट्स शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गव्हाच्या, जवाच्या संगतीत आलेले असतात, म्हणून ग्लुटेनविरहित असा स्पष्ट शिक्का असलेलेच घ्यायचे. आणि तेही सिलिॲकच्या काही जणांना सोसत नाहीत. ज्वारी, तांदूळ मुळात ग्लुटेनविरहित खरे, पण ज्या जात्यावर किंवा गिरणीत गहू दळला जातो तिथून दळून आणलेलं पीठ तसं राहत नाही.

## २. सामान वजनावर काढणे

- तांदळाचं अगदी बारीक पीठ: १५० ग्रॅम
- ज्वारीचं पीठ: १०० ग्रॅम
- टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याचा): १०० ग्रॅम
- बटाट्याचा स्टार्च: ५० ग्रॅम
- इसबगोलाचा भुसा: २२ ग्रॅम
- पाणी: ४२० ग्रॅम (जेलसाठी ३२०, यीस्टसाठी १००)
- इन्स्टंट यीस्ट: ७ ग्रॅम
- साखर: २० ग्रॅम
- मीठ: ८ ग्रॅम
- तेल: २५ ग्रॅम
- व्हिनेगर: १० ग्रॅम

वाटीनं मोजू नका. तांदळाचं पीठ हलक्या हातानं भरलं तर आणि दाबून भरलं तर त्याच वाटीत २५-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो. चार पिठं अशी मोजली की पाण्याचं गणित पहिल्याच मिनिटाला कोसळतं. पाणीही वजनावरच मोजा. यीस्ट आणि मीठ मोजायला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

बटाट्याचा स्टार्च पांढरा शुभ्र असतो आणि बोटांत चोळला की करकरतो. बटाट्याचं पीठ म्हणजे शिजवून वाळवलेला बटाटा. ते पिवळसर असतं आणि पाणी प्रचंड पितं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर पीठ घट्ट खळीसारखं होतं. मक्याचंही तेच: कॉर्नफ्लोर नावाचं पांढरं, मऊ पीठ म्हणजे स्टार्च आणि मक्याचं पिवळं पीठ ते वेगळं. बटाट्याचा स्टार्च नसेल तर त्या ५० ग्रॅमच्या जागी कॉर्नफ्लोर चालेल. मक्याचं पीठ चालणार नाही.

तांदळाचं पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहा. रवाळ लागलं तर भाजल्यावरही दाताखाली तसंच येईल.

इसबगोल निव्वळ भुसाच हवा. पोटाच्या तक्रारींसाठी मिळणाऱ्या काही पाकिटांत साखर, रंग, संत्र्याचा स्वाद असतो, ती नकोत. भुशाऐवजी पूड असेल तर १९ ग्रॅम घ्या, कारण पूड जास्त जोरात पाणी धरते. झँथन गम (पीठ बांधायला वापरतात ती डिंकासारखी पूड) हा इसबगोलाचा पर्याय आहे असं सर्रास सांगितलं जातं. त्यानं बांधणी होते, हे खरं. पण पीठ सैल, चमच्यानं साच्यात ओतायचं होतं; हातानं गोळा वळता येत नाही. रोल करायचे तर मी इसबगोलच घेईन.

तपासा: ओट्यावर आता तीन भांडी हवीत. एकात इसबगोल, दुसऱ्यात पिठं, स्टार्च आणि मीठ, तिसऱ्यात यीस्ट आणि साखर. काहीही भिजवण्याआधी.

## ३. जेल: सगळ्यात आधी, वेगळ्या भांड्यात

बिघडलेल्या रोलचं मूळ मला बहुतेक वेळा याच पायरीवर सापडतं. वेळ वाचवायला इसबगोल कोरड्या पिठात मिसळून वरून पाणी ओतलं जातं. मग भुशाच्या कणाला पाण्यासाठी तांदळाशी, टॅपिओकाशी झगडावं लागतं. कुठे जेल होतं, कुठे होत नाही, आणि रोलचा एक भाग चिवट तर दुसरा भुगा होतो.

३२० ग्रॅम कोमट पाणी भांड्यात घ्या. एका हातानं फेटत राहा आणि दुसऱ्या हातानं इसबगोल पावसासारखा सोडा. उलट करू नका. भुशावर पाणी ओतलं तर बाहेरून जेलचं कवच धरतं आणि आत कोरडी गाठ राहते. अर्धा मिनिट फेटलं की पाणी जड व्हायला लागतं. मग हात थांबवा, पाच मिनिटं जाऊ द्या, एकदा परत फेटा आणि आणखी पाच मिनिटं ठेवा.

तयार जेल चमच्यात उचलून चमचा तिरका करा. ते धारेनं ओघळलं तर अजून वेळ आहे. एकसंध लगदा हळूच सरकून थप्पकन पडला तर झालं.

## ४. यीस्ट जागं करणे

१०० ग्रॅम पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल असं करा, म्हणजे ३८ ते ४० अंश सेल्सिअस. त्यात साखर आणि यीस्ट ढवळा. इन्स्टंट यीस्टला खरं तर हे लागत नाही, थेट पिठात घातलं तरी चालतं. पण उघडून ठेवलेलं जुनं पाकीट मेलेलं आहे की जिवंत, हे इथेच कळलेलं बरं. दहा मिनिटांत वर फेसाचा थर यायला हवा.

सावधान: ५५ अंशांच्या पुढचं पाणी यीस्ट मारतं. बोट आत ठेवून दहापर्यंत मोजता येत नसेल तर ते पाणी गरम आहे. फेस आला नाही तर पुढे जाऊ नका. जेल तासभर थांबू शकतं, यीस्ट बदला.

## ५. भिजवणे, मळणे नव्हे

पिठं, स्टार्च आणि मीठ कोरडंच फेटून एकजीव करा. मध्ये खळगा करून यीस्टचं पाणी, जेल, तेल आणि व्हिनेगर घाला.

मशीन असेल तर सपाट पातं लावून मध्यम वेगावर चार मिनिटं. हातानं करायचं तर मुठीत घेऊन बोटांच्या फटींतून पिळायचं, गोळा मोडायचा, परत पिळायचा. इथे लवचीकपणा आणायचा नाही. जेल प्रत्येक कणापर्यंत पोचवायचं आहे, बस. पाच-सहा मिनिटं लागतात आणि मधली दोन मिनिटं सगळं फसलं असं वाटतं. थांबू नका.

तपासा: लिंबाएवढा गोळा तोडून उजेडात फाडा. आत काचेसारखे पारदर्शक धागे किंवा ठिपके दिसले तर ते न मिसळलेलं जेल आहे. भाजल्यावर त्याच जागी ओलसर, रबरी गाठ मिळते. आणखी पिळा.

आता झाकून १५ मिनिटं ठेवा. तांदळाचं पीठ पाणी सावकाश पितं. भिजवल्याबरोबर चिखलासारखं वाटणारं पीठ पाव तासात वळण्याजोगं होतं. कोरडं पीठ भुरभुरायचा मोह होतो तो नेमका या पाव तासात. तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर गेलेलं उत्तम.

पाव तासानंतर चमचाभर पीठ ताटलीवर ठेवून दोन मिनिटं बघा. आकार धरून राहिलं आणि बोटाला थोडं चिकटलं तर बरोबर. पसरलं तर आणखी दहा मिनिटं झाकून ठेवा. कडांना भेगा पडल्या तर हात ओला करून दहा-दहा ग्रॅम पाणी मिसळा. वेगवेगळ्या गिरण्यांची पिठं कमी-जास्त पाणी पितात, तेवढी सूट ठेवावी लागते.

## ६. वळणे

पीठ ८८ ग्रॅमच्या आसपासच्या १० भागांत तोडा. शेवटी २०-३० ग्रॅम उरेल. टाकू नका, पुढच्या पायरीला लागणार आहे.

हाताला तेलाचा पुसट हात किंवा पाणी लावून गोळे वळा. गव्हाचा गोळा फुगताना स्वतःला ताणून गुळगुळीत करतो. हा करत नाही. वळताना राहिलेली भेग ओव्हनमध्ये रुंदावते. म्हणून ओल्या बोटानं वरचा भाग पुसून घ्या, कुंभार मडक्यावरून ओला हात फिरवतो तसा.

कडा असलेल्या ट्रेमध्ये बेकिंग पेपर घालून गोळे दीड सेंटिमीटर अंतरावर मांडा. फुगताना ते एकमेकांना टेकतात आणि आडवे पसरण्याऐवजी वर चढतात. चारी बाजूंनी खरपूस हवे असतील तर पाच सेंटिमीटर अंतर द्या, पण मग ते जरा बसके होणार.

## ७. एकदाच फुगवणे

दोनदा फुगवायचं नाही. पहिल्या फुगण्यात जेलनं धरलेला वायू दाबून काढला की दुसऱ्यांदा तेवढा धरला जात नाही.

ट्रेवर कापड टाकू नका. ते चिकटतं आणि पृष्ठभाग सुकवतं. सुकलेली साल पिठाला वर येऊ देत नाही. ट्रे झाकेल एवढा खोल डबा पालथा घाला आणि आत वाटीभर गरम पाणी ठेवा.

आता तो उरलेला तुकडा. एका अरुंद, सरळ कडांच्या ग्लासात तो दाबून सपाट बसवा, वरच्या पातळीला रबरबँड लावा आणि ग्लास त्याच डब्याखाली ठेवा. गोळा किती फुगला हे नजरेला कळत नाही, ग्लासात कळतं. एक सेंटिमीटरचं दीड सेंटिमीटर झालं की फुगणं पुरे. दुप्पट होण्याची वाट बघू नका.

२८-३० अंशांत याला ४५ ते ६० मिनिटं लागतात, २०-२२ अंशांत दीड तासापर्यंत. घड्याळ फक्त अंदाजाला, निर्णय ग्लास बघून.

मी एकदा फोनवर रमलो आणि ग्लास दुपटीच्या पुढे गेला. गोळे दिसायला देखणे होते. भाजल्यावर वरची साल टोपीसारखी उचलली गेलेली, खाली पोकळ गुहा आणि तळाशी बोटभर गच्च थर. दहाच्या दहा. आता फुगवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो.

सावधान: गोळ्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसू लागली की ती शेवटची घंटा. ताबडतोब भाजा. पसरायलाच लागले असतील तर ओल्या हातानं हलकेच पुन्हा वळा आणि २०-२५ मिनिटांनी भाजा. रोल थोडे गच्च होतील, पण पोकळ नाही होणार.

## ८. ओव्हन आधीच तापलेला हवा

गोळे फुगायला ठेवल्यावर २० मिनिटांनी ओव्हन २२० अंशांवर चालू करा. थंड दिवसात हा अंदाज उशिरा घ्या, पण गोळे तयार झाल्यावर ओव्हन तापायची वाट बघत बसायची वेळ येऊ देऊ नका. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे हवा तापली. भिंती आणि तळ तापायला आणखी वेळ लागतो. अर्धा तास द्याच. आतला पंखा सुरू राहणार असेल तर या लेखातले आकडे २० अंशांनी कमी धरा. ओव्हनच्या बटणावर भरवसा नसेल (माझा नाही) तर आत टांगायचा तापमापक घ्या.

सगळ्यात खालच्या कप्प्यात रिकामा लोखंडी किंवा स्टीलचा ट्रे ठेवून तोही तापवा.

## ९. भाजणे

रोल मधल्या कप्प्यात ठेवा, खालच्या ट्रेमध्ये कपभर उकळतं पाणी ओता आणि दार लगेच बंद करा. वाफेमुळे साल ओली राहते आणि रोलला पहिल्या मिनिटांत वर चढायला वाव मिळतो.

सावधान: पाणी ओतताना चेहरा मागे आणि हातात मोजे. तापलेल्या काचेच्या भांड्यात पाणी ओतू नका, काच तडकते.

पहिली १२ मिनिटं दार उघडायचं नाही. मग पाण्याचा ट्रे काढा, तापमान २०० अंशांवर आणा आणि आणखी १६ ते २० मिनिटं भाजा. रंग लवकर चढला तर वर ॲल्युमिनियमची फॉइल सैल ठेवा, पण वेळ कमी करू नका. रंग बघून बाहेर काढलेले रोल आतून चिकट निघतात, कारण यात गव्हाच्या ब्रेडपेक्षा बरंच जास्त पाणी आहे.

तपासा: अन्नाचा तापमापक रोलच्या बाजूनं मध्यापर्यंत घाला. ९७-९८ अंश हवेत. तो नसेल तर एक रोल काट्यावर ठेवा: ८८ ग्रॅमचा कच्चा गोळा माझ्याकडे भाजून ७५-७६ ग्रॅमवर येतो. ८० च्या वर असेल तर पाणी आतच आहे. तळाला टिचकी मारून आवाज ऐकण्याची युक्ती इथे फसवते. साल कडक झाली की आत काही का असेना, आवाज पोकळच येतो.

शेवटी रोल ट्रेमधून काढून थेट जाळीवर ठेवा आणि बंद केलेल्या ओव्हनमध्ये, दार किंचित उघडं ठेवून, पाच मिनिटं राहू द्या.

## १०. थांबणे

इथे घरातले सगळे विरोधात असतात. तरी दीड तास सुरी लावू नका. भाजताना फुगून शिजलेला स्टार्च गार होताना घट्ट बसतो. तोवर आतला भाग म्हणजे गरम खळ. चांगले भाजलेले रोल दहाव्या मिनिटाला कापून, कच्चे म्हणून टाकून दिलेले मी पाहिले आहेत. गार व्हायला जाळीवर ठेवा. ताटात ठेवलेत तर तळाला वाफ धरून साल भिजते.

## ११. ठेवणे

त्याच दिवशी खायचे रोल कागदी पिशवीत. बाकीचे पूर्ण गार झाल्यावर मधून कापून हवाबंद पिशवीत, थेट फ्रीझरमध्ये. महिनाभर चांगले राहतात. फ्रिजमध्ये नको. स्टार्च पुन्हा कडक होण्याची क्रिया फ्रिजच्या थंडीत सगळ्यात वेगानं होते, आणि या रोलमध्ये स्टार्चच जास्त. सकाळचा मऊ रोल संध्याकाळपर्यंत भुसभुशीत होतो.

फ्रीझरमधला रोल काढून वर पाण्याचा हबका मारा आणि १८० अंशांवर ८ ते १० मिनिटं गरम करा. गव्हाचा ब्रेड भाजलेल्या टोस्टरमध्ये घालू नका. पहिल्या पायरीवर घेतलेली सगळी काळजी त्या चुऱ्यात जाते.

## बिघडलेच तर

तळाशी गच्च, ओलसर पट्टा: भाजणं कमी पडलं किंवा ट्रे थंड ओव्हनमध्ये गेला. पाण्याला दोष देण्याआधी पाच मिनिटं जास्त भाजून बघा.

सालीखाली पोकळी: जास्त फुगले. ग्लास बघा.

वर चढलेच नाहीत, जड: यीस्ट मेलेलं, किंवा वळताना कोरडं पीठ घातलं गेलं. आठवून खरं सांगा.

कापताना भुगा: इसबगोल कमी पडलं किंवा जेल नीट झालं नाही. पुढच्या वेळी जेलला पाच मिनिटं जास्त द्या. प्रमाण वाढवायचं तर दोन ग्रॅमनंच, त्यापुढे रोल रबरी होतो.

चवीला कडसर, यीस्टचा उग्र वास: उकाड्यात फार वेळ फुगले. यीस्ट ५ ग्रॅमवर आणा.

आतून जांभळट किंवा करडा रंग: घाबरू नका, काही इसबगोलाचा भाजल्यावर असा रंग येतो आणि चवीत फरक पडत नाही. डोळ्यांना खुपत असेल तर पुढच्या वेळी दुसऱ्या पाकिटातला, फिकट रंगाचा भुसा घ्या.